आखाजीला उंबरठ्यावर आज्यांचीही नावं घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, सगळीकडच्या बाजारांत लाल घागरी आणि डांगरं दिसू लागली आहेत. आपल्या दैनिकात दरवर्षी या सणावर मजकूर येतो, निंबाला बांधलेल्या झोक्यांचे आणि गौराईचे फोटो येतात, ते मी आवडीने वाचतो. यंदा मला या सणातल्या एका लहानशा रीतीबद्दल लिहायचं आहे. पितरांच्या नावाने घागर भरल्यावर आपण उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढतो आणि एकेका बोटाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतो. त्या नावांत बायांची नावं नसतात. निदान आमच्या घरी नव्हती, भाऊबंदकीत नव्हती, आणि आगारात ज्या सोबत्यांना मी विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरीही नव्हती. ती घेतली जावीत, आणि घेता यावीत म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून लिहून ठेवावं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

मी एसटीत वाहक आहे. गाव अमळनेर तालुक्यात, थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस आणि दादर ज्वारी. मुलगा चाकणला कंपनीत आहे, मुलगी जळगावला शिकते. माझे वडील, आप्पा, गेल्यापासून घागर मी भरतो. पूर्वी उंबरठा सारवलेला असायचा, त्यावर बोटं ठसठशीत उठायची. आता फरशी आहे, तिच्यावर कुंकू ओलं करून लावावं लागतं. आप्पा उकिडवे बसायचे, अनामिका कुंकवात बुडवायचे आणि वरून खाली एक रेघ ओढून म्हणायचे, "बाबा". दुसरी रेघ त्यांच्या आजोबांची. तिसरी त्यांच्याही वडिलांची. मग चुलते, लहानपणी साप चावून गेलेला एक भाऊ, मुंबईच्या गिरणीत असताना गेलेले एक काका. प्रत्येक नावाला ते क्षणभर थांबायचे. शेवटी सगळ्यांसाठी मिळून एक जाड रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "ज्यासनं नाव याद नही, त्यासनासाठे."

आमच्या घरातल्या साऱ्या बाया त्या शेवटच्या रेघेत होत्या.

माझी माय दोन वर्षांपूर्वी थंडीत गेली. त्यानंतरच्या आखाजीला तिची रेघ मी आप्पांच्या शेजारी ओढली, नाव घेऊन ओढली, इंदूबाई. मग वाटलं, आजीचंही घ्यावं. आजीला आम्ही सगळी नातवंडं मोठी माय म्हणत होतो. तिचं नाव जुन्या रेशनकार्डावर होतं म्हणून मला माहीत होतं, सुपडाबाई. आधीची मुलं दगावली की पुढचं जगावं म्हणून बाळाला सुपात घालायचे आणि सुपडू, सुपडाबाई असं नाव ठेवायचे, त्यातली ती. तिची रेघ ओढली. तिच्या पुढची, म्हणजे मोठ्या मायची सासू. तिच्यापाशी हात थांबला. घरात तिची आठवण निघाली की सगळे "बेटावदवाली" म्हणायचे, कारण तिचं माहेर बेटावदचं. नाव कोणालाच येईना. दारात उभ्या असलेल्या चुलतीला विचारलं तर ती म्हणाली, "आज्येसासूनं नाव कोन लेस रे भाऊ?" आमच्याकडे सुनांनी सासूचं नाव तोंडावर घ्यायचं नसे, आणि जे नाव घरात कोणी उच्चारलंच नाही ते पुढच्या पिढीने ऐकायचं कुठून?

आणि त्याच घरात पुरुषांची नावं मला पाच पिढ्यांपर्यंत पाठ आहेत. याचं कारण भक्ती नाही, कागद आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी जातवैधतेसाठी वंशावळ जोडायची होती. तहसील कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडे बसून आम्ही ती तयार केली. मूळ पुरुष वर, त्याखाली त्याची मुलं, त्यांची मुलं, रेघा खाली खाली येत शेवटी माझं नाव आणि माझ्या नावाखाली मुलीचं. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार काढले, आजोबांचा शाळेचा दाखला काढला. कायद्याला बापाकडचा वंश हवा असतो, त्यामुळे कागद तसा असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलगी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "बाबा, यातल्या कोणालाच आई नव्हती का?" त्या संध्याकाळी तिने त्याच कागदाची झेरॉक्स काढली आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी पेन्सिलीने एक रिकामी चौकट काढली. माझ्या शेजारच्या चौकटीत तिच्या आईचं नाव, आप्पांच्या शेजारी इंदूबाई, आजोबांच्या शेजारी सुपडाबाई. वरच्या चौकटी रिकाम्या राहिल्या.

बेटावदवालीचं नाव शेवटी सापडलं ते सुरतेत. आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, उधन्याला मुलाकडे असते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांसारखं आमचंही अर्धं घर पोटापाण्यासाठी तिकडे गेलेलं आहे. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. मुलीने तिला फोन लावला आणि मोठ्याने विचारलं. पलीकडून आधी हसणं आलं, मग, "तिन्हं नाव? ठगूबाई. मन्ही आज्जी ना ती." इतकं सोपं होतं. सासरी आलेल्या सुनांना नाव घ्यायची बंदी, पण नातीला नव्हती! आणि मग आत्या थांबेचना. ठगूबाई गावात बाळंतपणं करायची. रात्री-अपरात्री कोणी कंदील घेऊन आलं की लुगड्याचा ओचा खोचून निघायची. पैसे घ्यायची नाही, बाळाच्या बारशाला घुगऱ्या तेवढ्या घ्यायची. हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं होतं. आत्या लहान असताना तिच्याच कुशीत झोपायची आणि त्या गोंदणावरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत मोजायची. "तुन्हा बापले तिनीच हातवर लिधं," असं आत्या मला म्हणाली. म्हणजे माझ्या वडिलांना या जगात ज्या हातांनी घेतलं, त्या हातांच्या बाईचं नाव माझ्या वडिलांच्या उंबरठ्यावर कधी आलं नाही. आप्पांनी ते मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. ते मनाने फार हळवे होते. त्यांच्या वडिलांनी जशी बोटं ओढली तशी त्यांनी ओढली.

ही गोष्ट भाऊबंदकीत काढली तेव्हा एक थोरले काका नाराज झाले. बाया परक्या घरच्या, पितरांत त्यांचं नाव घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मान मी ठेवतो, म्हणून वाद घातला नाही. आमच्याकडे पितृपंधरवड्यात येणाऱ्या गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितो, कारण असा आक्षेप पुष्कळ घरांत निघेल. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही उच्चार नावाने आहे. आईच्या वडिलांकडचेही आहेत. पितृपक्षातली अविधवा नवमी तर सवाष्ण गेलेल्या बायांचीच तिथी. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या गोत्रात येते, मग ती परकी कशी? म्हणजे शास्त्राची आडकाठी नाहीच. आपल्याला त्यांची नावं ठाऊक नसतात, म्हणून आपण ती घेत नाही, आणि घेत नाही म्हणून ती ठाऊक राहत नाहीत.

माझ्या मायला हे असं मांडून सांगता आलं नसतं, पण तिला कळत होतं. कानबाई या आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या वेळची गोष्ट आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदकीत देवीच्या नैवेद्याचे रोट असतात. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही, सव्वा मूठ गहू सुपात घ्यायची आमची रीत. मुलगी झाली त्या वर्षी माय सुपापुढे बसली, सगळ्यांची मूठ घातली, माझ्या मुलाची घातली, आणि मग आणखी एक सव्वा मूठ घातली. चुलती म्हणाली, ही कोणाची? माय म्हणाली, पोरीची. थोडी कुजबुज झाली. माय गहू पाखडत राहिली आणि एवढंच बोलली, "तीबी खास ना भाकर? मंग तिन्ही मूठ कोठे गई?" त्यावर कोणी काही बोललं नाही. त्या वर्षीपासून मुलीची मूठ पडते, आणि गेल्या काही वर्षांत चुलत भावांच्या घरीही मुलींच्या मुठी पडू लागल्या आहेत. कानबाई कोपली नाही. रोट तेवढेच गोड लागतात. आज मुलगी जळगावहून कानबाईला न चुकता येते, आणि दळणाआधी तिची मूठ ती स्वतः घालते.

मोठ्या मायबद्दल माझ्या मुलांना जे माहीत आहे ते सगळं मायने उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करताना सांगितलेलं. ज्वारी तीन दिवस भिजायची, मग कांडण, मग भरडा, पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून घाटा शिजायचा. गरम घाटा ताटलीत घेऊन वर कच्चं तेल टाकून खायला पोरं उठून बसायची. एरवी शाळेला उठवताना त्यांच्या अंगावर पाणी टाकावं लागायचं. मग गच्चीवर ओलं धोतर अंथरून बिबडे थापायचे. ऊन चढायच्या आत काम उरकायचं असतं, नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. हात चालू आणि तोंड चालू. १९७२ च्या दुष्काळात मोठी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथे कामगारांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. ती तिथे खायची नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणायची आणि घरातल्या पोरांना चिमूट चिमूट वाटायची. माय तेव्हा नवी सून होती. एकदा मोठ्या मायने आधी तिच्या हातावर सुकडी ठेवली आणि मग पोरांना दिली. हे सांगताना मायचा थापणारा हात थांबायचा. ती सासूबद्दल एरवी पुष्कळ कुरकुर करायची, खाष्टपणाच्या गोष्टीही सांगायची. पण ही गोष्ट आली की ती आवाज उतरवून सांगायची, आणि माझा मुलगा, जो सात-आठ वर्षांचा होता, दरवेळी विचारायचा, "मग तू खाल्लीस का?" माय म्हणायची, "नही. तुन्हा बापले दिधी." मी तेव्हा तिच्या पोटात होतो, असा तिचा अर्थ. मुलाला ते पुष्कळ उशिरा कळलं. परवा चाकणहून फोनवर त्याने ती आठवण आपणहून काढली.

आता बिबडे आम्ही विकत आणतो. बायको शेतातलं बघते, मी ड्युटीवर, पोरं बाहेर. त्याचा दोष कोणाला द्यायचा नाही, माणसं जिथे भाकर आहे तिथे जाणारच. पण ज्या कामाभोवती बसून घरातल्या बायांच्या गोष्टी पोरांच्या कानावर पडायच्या ते काम गेलं, मग गोष्ट आता मुद्दाम बसून विचारावी लागेल. आपल्या खान्देशात याचं मोठं उदाहरण आहेच. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांच्या तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतरही ती राहिली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. माझी मुलगी त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. आमच्या ठगूबाईला गाणी येत होती की नाही मला माहीत नाही, पण तिचं नाव आणि तिचं काम लिहायला कवितेची गरज नाही, दोन ओळी पुरतात.

वाहकाच्या नोकरीत मला आखाजीच्या आठवड्यात जे दिसतं तेही लिहितो. लेकी माहेरी निघतात. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं आणि त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, त्यामुळे पूर्वी मन मारून घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याही आता बसमध्ये दिसतात. धुळ्याच्या गाडीला, चोपड्याच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. आधारकार्ड बघायला मागितलं की पिशवीच्या तळातून, रुमालात गुंडाळलेलं, हळूच काढून देतात. कार्डावर नाव असतं. मी मुद्दाम ते मोठ्याने वाचतो, "बसा, गंगूबाई." कितीतरी जणी चमकून बघतात. एक म्हातारी मला म्हणाली, या नावाने मला माझा भाऊ हाक मारायचा, तो गेला तेव्हापासून ऐकलं नव्हतं. गाडीत पुढे तिकिटं फाडायची होती, मी तिच्याजवळ थांबू शकलो नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. चांगलं झालं. पुढच्या पिढीच्या आया कागदावर राहतील. आधीच्या सगळ्या आया मात्र फक्त कोणाच्या तरी आठवणीत आहेत, आणि ती आठवण असलेली माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

बायकोने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. सासूचं, आज्येसासूचं नाव घ्याल, पण माझ्या आईचं? तिची घागर माझा भाऊ भरतो, तिथेही फक्त माझ्या वडिलांचं नाव घेतात. मी विचार केला. गुरुजी म्हणाले तसं आईकडच्यांनाही श्राद्धात जागा आहे, आणि माझ्या मुलांची ती आजी आहेच. यंदा तिच्या नावाचं बोट आमच्या उंबरठ्यावर मुलगी ओढणार आहे. मेव्हण्यालाही तसं कळवलं आहे, तो हो म्हणाला.

आता आपल्या दैनिकाकडे एक मागणं. आपण निधन वार्ता छापता, त्या मी रोज वाचतो, आमच्या गाडीवर येणारे-जाणारे पुष्कळ जण ओळखीचे असतात. पुरुष गेला की त्याचं गाव, धंदा, सोसायटीतलं किंवा ग्रामपंचायतीतलं पद छापलं जातं. बाई गेली की पुष्कळदा "अमुक यांच्या मातोश्री" आणि "पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं" एवढंच. मजकूर घरचे लोक देतात हे मला ठाऊक आहे. पण मजकूर घेताना आपल्या वार्ताहरांनी आणि कार्यालयातल्या मंडळींनी दोन गोष्टी विचारल्या तर घरचेही आठवतील: बाईंचं माहेर कोणतं, आणि त्यांना काय यायचं. कोणी मांडे उत्तम करायची, कोणी बाळंतपणं करायची, कोणी एकटीने बैल हाकले, कोणी भजनी मंडळात वीणा धरायची. एक ओळ जास्त लागेल, तेवढी जागा द्यावी.

दुसरं, जमल्यास आखाजीच्या आठवड्यात वाचकांकडून घरातल्या आज्या-पणज्यांची नावं मागवून छापावीत. नाव, माहेर, सासर, आणि एक वाक्य. नुसती नावं वाचतानाही कोणाला तरी आपल्या घरचं नाव आठवेल. सुरुवात म्हणून आमच्या घरची देत आहे: ठगूबाई, माहेर बेटावद, बाळंतपणं करायची. सुपडाबाई, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून घर जगवलं. इंदूबाई, कानबाईच्या रोटात नातीची मूठ घातली.

सुपडाबाईचं माहेर कोणतं ते आत्याला नीट आठवत नाही, पारोळ्याकडचं असं ती म्हणते. सुट्टीत मुलीला घेऊन मी उधन्याला जाणार आहे. ठगूबाईच्या वरच्या चौकटीतली नावंही तेव्हाच विचारायची आहेत.

आपला नियमित वाचक,
एक एसटी वाहक,
ता. अमळनेर, जि. जळगाव